रेडा बोलला, पण शाळा उघडली नाही



पैठण हे नाव उच्चारले की महाराष्ट्रातील बहुतेकांस एक कथा आठवते. ज्ञानदेव आपल्या भावंडांसह शुद्धिपत्र मागण्यासाठी येथील ब्रह्मवृंदापुढे उभे राहिले, तेथे सर्वांभूती एकच आत्मा आहे असा वाद निघाला, आणि वाटेने जाणाऱ्या रेड्याच्या मुखातून त्यांनी वेद वदविले, अशी ती कथा आहे. ही कथा आपल्या वाडवडिलांनीही ऐकली. कीर्तनाच्या मंडपाबाहेर, दूर धुळीत बसून ऐकली. ऐकून त्यांनी माना डोलावल्या आणि ते घरी गेले. रेडा खरोखर बोलला की नाही हा वाद मी आज घालीत नाही. मी एवढेच विचारतो की, ज्या गावात रेड्याने वेद म्हटल्याची बातमी सातशे वर्षे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, त्या गावात महाराच्या पोराला धुळाक्षरे गिरविण्याची मोकळीक कधी मिळाली? जनावराच्या तोंडी विद्या आली, पण माणसाच्या हाती पाटी आली नाही. ती पाटी येण्यास पुण्यात जोतीराव फुल्यांची शाळा निघावी लागली, आणि ह्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे दार उघडण्यासाठी बाबासाहेबांना १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढावे लागले. चमत्काराची बातमी आणि हक्काची प्राप्ती ह्यांमध्ये केवढे अंतर असते, हे पैठणइतके दुसरे कोणते गाव शिकवील?

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, चमत्काराच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. त्यांचे वेष तेवढे बदलले आहेत. आता रेड्याऐवजी यंत्र बोलते. ते मराठीत प्रश्नांची उत्तरे देते, अर्ज लिहिते, कविता करते. वृत्तपत्र उघडावे तो रोज एक ‘क्रांती’ झालेली असते. अमुक उपकरणाने शेतकरी सुखी होणार, तमुक योजनेने भ्रष्टाचार नाहीसा होणार, घराघरात शिक्षक येणार, खेड्याखेड्यात वैद्य येणार. ही बातमी आपण मोबाइलवर वाचतो, शेजाऱ्यास पाठवितो, आणि पूर्वीप्रमाणेच मान डोलावतो. बंधूंनो, धर्मांतर केलेल्या माणसाने मान डोलावण्याची ही सवय जुन्या घरातच ठेवून यावयास हवी होती. बुद्धाने कालामांस काय सांगितले ते आपण विहारात ऐकतो. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. ही कसोटी पोथीला लावावयाची आणि वर्तमानपत्राला मात्र लावावयाची नाही, असा अपवाद कोठे सांगितला आहे?

येथे एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. आम्ही यंत्राचे वैरी नाही. चरख्याचे आणि स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे जेव्हा देशभर गायिले जात होते, तेव्हा त्या गाण्यात सूर न मिसळणारा एक मोठा पुढारी आपला होता. बाबासाहेबांनी १९४५ साली लिहून ठेवले आहे की, यंत्र आणि आधुनिक सुधारणा ह्यांवाचून माणसाची पशुतुल्य जिण्यातून सुटका नाही, कारण यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. त्या सुधारणेची जी दुष्ट फळे दिसतात ती यंत्राची नसून चुकीच्या समाजरचनेची आहेत. म्हणून यंत्र मोडू नये, समाजरचना बदलावी, म्हणजे लाभ मूठभरांनी न लाटता सर्वांस पोहोचेल, हा त्यांचा युक्तिवाद आहे. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असताना दामोदर खोऱ्याच्या आणि महानदीच्या योजनांस त्यांनी चालना दिली. तेव्हा धरणाला, विजेला, यंत्राला आमचा नमस्कार आहे. आमचा प्रश्न आहे तो लाभाच्या वाटणीचा.

ह्या वाटणीचा एक जुना हिशोब पाहा. मुंबईच्या कापड गिरण्या हे त्या काळचे सर्वांत नवे यंत्र. वाफेच्या शक्तीपुढे जातिभेद टिकणार नाही, असे सुशिक्षित लोक मोठ्या विश्वासाने बोलत. प्रत्यक्षात काय झाले? गिरणीत आपल्या माणसांस प्रवेश मिळाला, पण विणाई खात्यात नाही. तेथे मजुरी अधिक होती. कारण असे सांगण्यात आले की, धोट्यात नवी कांडी भरताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा दुसऱ्यास विटाळ करील. लोखंडाचे यंत्र इंग्लंडहून आले. विटाळ मात्र येथलाच होता आणि तो त्या यंत्राच्या सर्वांत नाजूक भागावर जाऊन बसला. १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही तक्रार कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडली, तेव्हा कोठे ती ऐकून घेण्यात आली. ह्यावरून बोध घ्या. नवे यंत्र जुन्या समाजात येते तेव्हा ते रिकाम्या जागी येत नाही. जागा आधीच वाटलेल्या असतात.

आता आपल्या डोळ्यांसमोरच्या नाथसागराकडे वळू. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध, सत्तावीस दरवाजे, डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा कालवा १३२ किलोमीटर. मराठवाड्याचे नंदनवन होणार ही त्या काळची बातमी होती, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. कालव्याकाठी ऊस उभा राहिला, शहरांस पिण्याचे पाणी मिळाले, कारखाने चालले. हे सर्व मान्य करून विचारा: पाटाचे पाणी कोणाच्या शेतात जाते? ज्याच्या सातबाऱ्यावर नाव असते त्याच्या. ज्याला सातबाराच नाही त्याच्या दारावरून कालवा जातो, घरात येत नाही. भूमिहीनाला धरणाने काय दिले? दुसऱ्याच्या उसात कोयता चालविण्याचे काम दिले.

हे कोणास आधी सुचले नव्हते, असे म्हणावयास जागा नाही. धरणाचा पायाचा दगड बसण्यापूर्वी वर्षभर, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, रिपब्लिकन पक्षाने आपल्या मागण्यांचा खलिता पंतप्रधान शास्त्री ह्यांनाच सादर केला होता. कसणाऱ्यास जमीन द्या, पडीक जमीन भूमिहीनांस द्या, ह्या त्यातील ठळक मागण्या. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि लक्षावधी स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या कडेवर मूल घेऊन त्या तुरुंगात गेल्या आहेत. जमिनीची मागणी आणि पाण्याची योजना ह्या एकाच सरकारच्या मेजावर एकाच वेळी होत्या. योजना पुरी झाली. मागणी अपुरी राहिली. आणखी पाहा. ह्या जलाशयाने शंभराहून अधिक गावांस बाधा पोहोचविली. परंतु प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा झाला तो १९७६ सालीच, म्हणजे उद्घाटनाच्या वर्षी. पाणी आधी चढले आणि कायदा मागाहून आला. यंत्राची घाई आणि न्यायाची सवड ह्यांचे हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण ते अद्याप बदललेले नाही.

त्याच नाथसागरावर आता नवी बातमी आली आहे. सूर्यप्रकाशापासून वीज करणारी तरंगती पॅनेले पाण्यावर पसरावयाची, हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचा प्रकल्प उभारावयाचा, अशी ती योजना आहे. तिच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्यासाठी कोणाची शेतजमीन घ्यावी लागत नाही, पाण्याच्या सान्निध्यात पॅनेले थंड राहून वीज अधिक देतात, आणि झाकलेल्या पाण्याची वाफ कमी होते. मराठवाड्यात ही लहान गोष्ट नव्हे. पण ह्या पाण्यावर जाळे टाकून जगणारी माणसे आहेत. पॅनेलांच्या खाली नाव जात नाही आणि जाळे पडत नाही. शिवाय हा जलाशय १९८६ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. मच्छीमार कहार समाजाची पंच समिती हा प्रश्न घेऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. २०२४ मध्ये तेथे नकार मिळाला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. प्रत्येकच प्रकल्पास विरोध झाला तर देशाची प्रगती कशी होणार, अशा आशयाचा सवाल त्या वेळी खंडपीठाने केला.

भूषण गवई सरन्यायाधीश झाले. आपल्या समाजातील एक पुत्र त्या आसनावर बसला ह्याचा आनंद आपण वस्तीवस्तीत साजरा केला आणि तो रास्त होता. परंतु आसनावर आपला माणूस बसला म्हणून आपला प्रश्न मुका व्हावा काय? बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध ह्या देशाला बजावले, तेव्हा त्यांनी आपल्याला त्यातून सूट दिली नव्हती. निकालाचा मान ठेवूनही असे म्हणता येते की, प्रगती हवी की नको हा प्रश्नच मच्छीमारांनी विचारलेला नव्हता. प्रगतीची किंमत कोणाच्या ताटातून वसूल होणार, हा त्यांचा प्रश्न होता. वीज शंभर कोसांवर जाईल, आणि पोट येथे रिकामे होईल, तर त्याची भरपाई कोण, किती आणि कधी करणार? प्रकल्प होण्यापूर्वी हे कागदावर आले पाहिजे. ‘कहार आपले नव्हेत, आपणास काय त्याचे?’ असे ज्याच्या मनात येत असेल त्याने स्वतःस विचारावे की, आपला पाणवठा बंद होता तेव्हा सारे गाव हेच म्हणत नव्हते काय?

आता यंत्र कोठे जात नाही ते पाहू. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. प्रत्येक भारतीयाप्रमाणे आपलीही छाती अभिमानाने भरून आली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २० ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयास असा निर्णय द्यावा लागला की, गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या कुटुंबास तीस लक्ष रुपये द्या आणि ही प्रथा पूर्णपणे नाहीशी करा. हाताने मैला साफ करविण्यास बंदी घालणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनापासून, अमलात आहे. गटार साफ करणारे यंत्रही अस्तित्वात आहे. केरळातील तरुण अभियंत्यांनी ते बनविले आणि २०१८ साली तिरुवनंतपुरमात ते वापरात आले. म्हणजे कायदा आहे, यंत्र आहे, विद्या आहे, पैसाही आहे. मग अडले कोठे? चंद्रावर पाठवावयास माणूस महाग पडतो म्हणून तेथे यंत्र जाते. गटारात पाठवावयास एका विशिष्ट जातीचा माणूस यंत्राहून स्वस्त पडतो म्हणून तेथे माणूस जातो. ज्या समाजात माणसाची किंमत जातीवरून ठरते त्या समाजात कोणते यंत्र कोठे पोहोचेल हेही जातच ठरविते. ह्यापेक्षा अधिक स्पष्ट पुरावा कोणास हवा असेल तर त्याने डोळे तपासून घ्यावेत.

आणि यंत्र आपल्यापर्यंत येते ते कोणत्या रूपाने? बहुतेक वेळा पहारेकऱ्याच्या रूपाने. रेशनच्या दुकानात ते अंगठा मागते. सहा महिने उसाच्या फडात कोयता चालवून, मोळ्या बांधून, ज्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, तिचा अंगठा यंत्र ओळखत नाही. जिने कष्ट अधिक केले तिची ओळख अधिक पुसट, असा हा न्याय आहे. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून हजेरी लावण्याची सक्ती करण्यात आली. रेंज नसली तर हजेरी नाही, हजेरी नसली तर मजुरी नाही; उन्हात दगड फोडलेले ते हात मात्र खरे. चोरी थांबविण्यासाठी हे सर्व आहे, असे सांगण्यात येते. चोरी थांबलीच पाहिजे. पण धान्य गोदामातून गाडीवर चढते तेथे चोरी अधिक होते की म्हातारीच्या पिशवीत? पारख नेहमी शेवटच्या माणसाचीच का?

ह्या गोष्टी बातमीत का येत नाहीत, ह्याचे आश्चर्य करू नका. बातमी कोण लिहितो ते पाहा. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरात छापण्यासही ‘केसरी’ने नकार दिला होता. ‘ते दिवस गेले’ असे कोणी म्हणेल, तर त्याने २०१९ सालची पाहणी पाहावी. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री ह्यांनी वृत्तपत्रे, वाहिन्या व नियतकालिके ह्यांतील १२१ प्रमुख पदे तपासली. त्यांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते. आणि जे बोलणारे यंत्र आज घराघरात शिक्षक होऊ पाहत आहे, ते शिकले कोठे? जे लिहिले गेले, छापले गेले, त्यावरच ते शिकले. आपल्याविषयी शतकानुशतके काय लिहिले गेले ते आपण जाणतोच. २०२५ साली ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ ह्या अमेरिकी नियतकालिकाने अशा यंत्रांची चाचणी घेतली, तेव्हा जातीविषयीचे जुनेच समज त्यांच्या उत्तरांत उतरलेले आढळले. रेड्याने जे वेद म्हटले ते रेड्याचे नव्हते. यंत्र जे बोलते तेही यंत्राचे नव्हे.

परंतु दुसऱ्या टोकाच्या लोकांपासूनही सावध राहा. ‘यंत्राने समाज बिघडविला, गावे मोडली, माणुसकी गेली, पूर्वीचे दिवस बरे होते,’ असा विलाप करणारे पुष्कळ आहेत, आणि अलीकडे आपल्याही वस्तीत हा सूर ऐकू येतो. त्यांस विचारा, कोणते पूर्वीचे दिवस? येसकराची काठी हाती घेऊन पाटलाच्या दारी उभे राहण्याचे? मेलेले ढोर ओढण्याचे? ज्या गावगाड्याची मोडतोड झाली म्हणून ते रडतात त्या गाड्याच्या चाकाखाली आपण होतो. आगगाडीने आपल्याला गावाबाहेर नेले, छापखान्याने आपला आवाज लोकांपर्यंत पोहोचविला, आणि आज खेड्यात अत्याचार झाला तर एका मुलाच्या हातातील मोबाइलमुळे तो दडपणे कठीण जाते. यंत्राला शिव्या देणारा आणि यंत्राची आरती ओवाळणारा, दोघेही एकाच चुकीत आहेत. दोघांनीही यंत्रालाच कर्ता मानले आहे, आणि त्याच्या मुठीवर कोणाचा हात आहे हे दोघांनीही पाहिले नाही.

मग बातमी कशी वाचावी? ह्याचे उत्तरही पैठणानेच देऊन ठेवले आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत, प्रतिष्ठानच्या म्हणजे ह्याच पैठणच्या एका गंधिक कुळातील मितदेवाने स्तंभ दिल्याची नोंद आहे. तेथल्याच यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. कोणी दिले, काय दिले, कोणी घडविले, हे दगडावर स्वच्छ लिहिले आहे. ह्याला मी प्रामाणिक बातमी म्हणतो. यंत्राची प्रत्येक बातमी ह्या कसोटीस लावा. पैसा कोणाचा? श्रम कोणाचे? लाभ कोणास? ज्याचे काम किंवा जागा गेली त्याला काय मिळाले? आणि यंत्र चुकले तर दाद कोणाकडे मागावयाची? ह्या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या बातमीत नसतील ती बातमी नव्हे, जाहिरात समजा.

केवळ शंका घेऊन घरी बसणे हा मात्र आपला मार्ग नाही. जुन्या धर्माविषयी आपण नुसती शंका घेतली नव्हती, तो सोडला आणि नवे जीवन पत्करले. म्हणून माझी सूचना अशी आहे. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास वर्तमानपत्राचे वाचन ठेवा. आपल्या मुलामुलींपैकी जे शिकलेले आहेत त्यांनी वाचावे आणि आयाबायांनी प्रश्न विचारावेत. एक वही ठेवा. कोणाचा अंगठा कोणत्या तारखेस लागला नाही, कोणास धान्य नाकारले, कोणाची मजुरी हजेरीअभावी बुडाली, गटारात कोणास कोणी उतरविले, हे दिनांकासह लिहा. आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नये, असा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांस दिला आहे. तो दुकानदारासमोर ठेवा. नाथसागरावरील योजनेत मच्छीमारांसाठी काय तरतूद आहे हे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते आणि अधिकाऱ्यास तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तो अर्ज आपण करा, आणि त्यावर कहार बांधवांच्या सहीशेजारी आपली सही असू द्या.

आणि घरात यंत्र आणा. मुलीच्या हाती संगणक द्या, मुलाला ते बोलणारे यंत्र वापरू द्या. ते उघडण्यास, मोडण्यास, नव्याने बांधण्यास त्यांना शिकवा. विणाई खात्याच्या दारात ज्यांना अडविले त्यांची ही नातवंडे यंत्रशाळेत नुसती गिऱ्हाईक म्हणून उभी राहू नयेत, कारागीर म्हणून बसावीत. पैठणच्या घाटावर पूर्वी एक रेडा बोलला असे सांगतात. आपण मात्र आपल्या मुलांस बोलते करू या, आणि त्यांचा पहिला शब्द प्रश्न असू द्या.

जयभीम.